तिसरा ळ

उम्म सलाल मोहम्मद, कतार
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

आदरणीय जैतूनफुफी,

अस्सलामु अलैकुम. तुमच्या अटीप्रमाणे हे पत्र कागदावर पेनाने लिहिले आहे आणि त्याचा फोटो पाठवत आहे. डाव्या कोपऱ्यात दिसतो तो चहाचा डाग आहे, अनुस्वार नाही.

तब्येत बरी आहे. जेवण वेळेवर आहे. काम मात्र जाईल की काय अशी भीती वाटते. कारण ऐकून तुम्ही हसाल. कारण एक गाणे आहे.

मी ज्या पाट्यांच्या दुकानात आहे ते दोघांचे आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मारियप्पन अण्णा तिरुनेलवेलीकडचे, अंगाने भरलेले, मोठ्याने बोलणारे. ज्ञानशेखरन अण्णा कुंभकोणमचे, बारीक आणि हळू बोलणारे. सव्वीस वर्षांपूर्वी दोघे दोह्याला एकाच खोलीत राहायला आले. खोलीत टेप एकच. आधी कोणाची कॅसेट लावायची यावरून वाद होणार, तेवढ्यात दोघांच्या बॅगांतून एकच कॅसेट निघाली. एळिलरसन यांची. ते तमिळ सिनेमाचे जुने संगीतकार. इथे सगळे त्यांना नुसते 'मास्टर' म्हणतात. त्या कॅसेटवरून दोस्ती, दोस्तीवरून दुकान.

मास्टर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नऊ वर्षांत त्यांचे एकही गाणे आले नव्हते. काल दुपारी नव्या सिनेमाची सहा गाणी आली. सिनेमा नंतर येणार आहे. मारी अण्णांनी दुकानाचे शटर अर्धे ओढले, अगरबत्ती लावली आणि मला अक्षरे कापायचे यंत्र बंद करायला लावले. पहिले गाणे सुरू झाले. बासरी वाजली. ज्ञानम अण्णांनी डोळे मिटले. मग एका नव्या मुलीचा आवाज आला. ती उत्तरेकडची आहे म्हणे. तिने एक ओळ म्हटली आणि मारी अण्णांनी गाणे बंद केले.

ज्ञानम अण्णांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"'वलि' म्हणते ती! वाट विचारायची तिथे दुखणं विचारते! मास्टरच्या गाण्यात चुकीची तमिळ!"

"बाहेरची पोर आहे, डा. माफ कर."

"एका अक्षरासाठी मास्टरने मोठमोठे गायक घरी पाठवलेत. आता त्यांना ऐकूच येत नाही. संपले मास्टर."

हे शेवटचे वाक्य बोलायला नको होते. ज्ञानम अण्णा उठले, नळाजवळचा आपला ग्लास धुतला, पुसला आणि बॅगेत ठेवला. फुफी, तो ग्लास कधी दुकानाबाहेर गेलेला नाही.

तेव्हापासून दोघे एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. "अरहान, त्यांना विचार शिडी कुठे आहे." "अरहान, त्यांना सांग, ते शिडीवरच उभे आहेत."

इथे तमिळ रसिकांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. बॅनरची कामे तिथून येतात म्हणून मलाही त्यात घेतले आहे. तीनशे बारा माणसे. तिथे आग लागली आहे. एकाने लिहिले, मास्टर परत आले, मी गाडी बाजूला घेऊन रडलो. दुसऱ्याने लिहिले, मीही रडलो, पण वेगळ्या कारणाने. एक म्हणतो हेडफोन लावून ऐका. एक म्हणतो हेडफोन काढून ऐका. एका गृहस्थांनी नऊ मिनिटांचा आवाजी निरोप टाकला आहे, त्यातली पहिली चार मिनिटे ते फक्त श्वास घेतात.

ज्ञानम अण्णा म्हणतात, महिनाअखेर दुकान वेगळे करू. वेगळे झाले तर यंत्र एकाकडे, गाडी दुसऱ्याकडे आणि मी कोणाकडेच नाही. माझा व्हिसा या दुकानावर आहे. नव्या वर्षापासून मला कात्रीवरून उठवून कॉम्प्युटरवर अक्षरजुळणीला बसवणार होते, तेही गेले.

आणखी एक संकट. २४ तारखेला रसिकांचा मेळावा आहे. काल दोघे एकदमच म्हणाले, "अरहान, तू तमिळ नाहीस. तू कोणाच्या बाजूचा नाहीस. तिथे तू सांग, गाणं चांगलं की वाईट." मी काय सांगू? एकाला बरोबर म्हटले तर दुसरा जातो.

शुद्धलेखन दोनदा तपासले आहे.

तुमचा,
अरहान

*

गोळप, ता. रत्नागिरी
६ ऑक्टोबर

चि. अरहान यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तांबडे पेन हातात घेऊन तीनदा वाचले. एकही चूक सापडली नाही. मला हे आवडले नाही. अकरावी अर्धी सोडलेल्या माणसाने इतके शुद्ध लिहू नये; गावातल्या बाकीच्या पोरांना वाटते, शाळेची गरजच नाही.

'तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर आहे' हे मात्र यापुढे लिहू नकोस. तुझे मरहूम फुफा अठरा वर्षे दोह्याहून हेच लिहीत होते. घरी आल्यावर कळले की त्यातली दोन वर्षे पोटाचे औषध चालू होते. मी शिक्षिका आहे. माणूस काय लिहीत नाही तेच मी आधी वाचते.

आता तुझे गाणे. अलीजाने मोबाइलवर लावले. माझी ही नात इंग्रजी शाळेत जाते, त्यामुळे मी मराठीत विचारते आणि ती "ओके दादी" म्हणते. मला पहिल्या मिनिटात एवढेच समजले की बासरीवाल्याला घाई नाही. बाकी तमिळ मला शून्य.

पण एक विचारते. तुझ्या दोन्ही अण्णांनी गाणे पुरे ऐकले का? गटातल्या तीनशे बारांपैकी किती जणांनी ऐकले? पहिले पान बघून सगळ्या पेपराला मार्क देणारे मास्तर मी नोकरीत पुष्कळ पाहिले. तू तसे करू नकोस. चांगले की वाईट हे नंतर. आधी गाणे अक्षर न् अक्षर कागदावर उतरव. अर्थ कळत नाही ते बरेच आहे. अर्थ कळणारा माणूस अक्षराकडे बघत नाही.

आणि दुकान मोडेल म्हणून आतापासून रडू नकोस. ग्लास धुऊन बॅगेत ठेवणारा माणूस जायला निघालेला नसतो. जाणारा माणूस ग्लास धूत नाही.

तुझी,
जैतूनफुफी

*

उम्म सलाल मोहम्मद
शुक्रवार, १० ऑक्टोबर

आदरणीय फुफी,

सलाम. पोट थोडे बिघडले होते, आता ठीक आहे. (तुमच्या सूचनेवरून लिहिले.)

गाणे उतरवले. एकेचाळीस वेळा ऐकले. खरे तर चाळीस, एकदा मध्येच फोन आला. चौदा पाने झाली. दुकानात जेवणाच्या सुट्टीत पाट्यांच्या गठ्ठ्यामागे बसून ऐकतो. दोघांपैकी कोणी आले की हेडफोन काढतो, कारण प्रत्येकाला वाटते मी त्याच्याविरुद्ध तयारी करतो आहे.

आता मला तुमची मदत पाहिजे. शब्दाचा प्रश्न आहे.

या गाण्यात एक ओळ तीनदा येते, प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला. यूट्यूबवर खाली जे शब्द येतात ते तिन्ही वेळा सारखेच आहेत. म्हणजे 'वाट कोणती'. पण ती मुलगी तिन्ही वेळा सारखे म्हणत नाही. पहिल्यांदा 'वलि' म्हणते, आपल्या 'लवकर'मधला ल. दुसऱ्यांदा 'वळि' म्हणते, आपल्या 'गोळप'मधला ळ. तिसऱ्यांदा जे म्हणते ते मला लिहिताच येत नाही. ळ म्हणायला जीभ मागे वळते, टाळूला लागणार असे वाटते आणि लागत नाही. थोडा र, थोडा य, पण दोन्ही नाही. मी त्या जागी चौदा पानांत एकच चौकोन काढून ठेवला आहे.

ज्ञानम अण्णांना, सहज विचारतो असे दाखवून, विचारले. ते म्हणाले, तमिळमध्ये तीन ल आहेत. 'वलि' म्हणजे दुखणे. 'वळि' म्हणजे वारा, जुन्या कवितेतला. आणि तिसरा ल घातला की तोच शब्द 'वाट' होतो. त्यांनी तिन्ही म्हणून दाखवले. मला तिन्ही वेगळे ऐकू आले. लहानपणी मकतबात मौलवींनी अरबीतला 'ज़ाद' म्हणायला जीभ कुठे लावायची हे कान पिरगाळून शिकवले होते, ते असे उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

मग मारी अण्णांना विचारले. त्यांनीही तिन्ही म्हटले, मोठ्या आवाजात, गिऱ्हाईक वळून बघेपर्यंत. पण मला त्यांचे दोनच ऐकू आले. दुसरा आणि तिसरा सारखाच, आपला ळ. मी पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा तेच. मारी अण्णा तर अक्षरासाठी भांडणारे, ते कसे चुकतील? दोष माझ्या कानाचा असणार. एकेचाळीस वेळा हेडफोन लावल्याने असे होते का?

तर प्रश्न असा की तो तिसरा ल मराठीत कसा लिहायचा? चौकोन बरा दिसत नाही.

तुमचा,
अरहान

*

गोळप
१३ ऑक्टोबर

चि. अरहान,

आशीर्वाद. अखेर चूक सापडली आणि मला तरतरी आली.

तांबडी शाई: तू जागोजागी 'वलि', 'वळि' असे ऱ्हस्व लिहिले आहेस. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ असतो. वली. वळी. शब्द तमिळ आहे ही सबब चालणार नाही. कागद मराठी आहे. मी सगळीकडे दुरुस्त केले आहे, फोटो मोठा करून बघ.

आता तुझा चौकोन. पेटीतून माझा जुना वर्णाक्षरांचा तक्ता काढला. त्यात कोपऱ्यात एक अक्षर आहे, जे मी एकतीस वर्षांत एकदाही शिकवले नाही. ळ आणि त्याच्या खाली टिंब: ऴ. हेच ते. कोणी तरी शहाण्या माणसाने तमिळांसाठी करून ठेवले आणि आपण कधी वापरले नाही. मुलांनी विचारले की मी सांगायचे, शाईचा थेंब पडलाय, पुढे चला. म्हणजे एकतीस वर्षे मी एका अक्षराला डाग म्हणत होते. हे कोणाला सांगू नकोस. आपण त्या लोकांना 'तमिळ' लिहितो आणि हिंदीवाले 'तमिल' लिहितात, आणि मला वाटायचे आपणच बरोबर. दोघेही चूक.

तुझ्या कानाला दोष द्यायची घाई करू नकोस. मौलवींनी तो कान पिरगाळला होता, बिघडवला नव्हता. कोण मोठ्याने बोलतो आणि कोण बरोबर बोलतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक. आपल्याकडे 'वळ' पाठीवर उठतो. तमिळ दुखणे आणि मराठी वळ, दोघांचे नाते आहेसे दिसते.

आता खरे सांग. 'ती मुलगी पहिल्यांदा असे म्हणते, दुसऱ्यांदा तसे म्हणते', चौदा पाने, एकेचाळीस वेळा. ही गाणारी मुलगी कोण? वय काय? घरचे काय करतात? मी तुझ्या अब्बांना अजून काही बोललेले नाही.

फुफी

*

उम्म सलाल मोहम्मद
शनिवार, २५ ऑक्टोबर

आदरणीय फुफी,

सलाम. मधल्या शुक्रवारी पत्र लिहिले नाही, कामात होतो. ती मुलगी कोण आहे हे मला माहीत नाही. कृपया अब्बांना काही बोलू नका.

काल मेळावा झाला. फार वाईट झाले. क्रमाने लिहितो.

मेळाव्याचे बॅनर मारी अण्णांनी अंगावर घेतले होते. तमिळ मजकूर नेहमी ज्ञानम अण्णा तपासतात, पण मारी अण्णांनी मागवलेल्या बॅनरकडे ते बघायला तयार नव्हते. मारी अण्णा गुरुवारी समैस्माला एका हॉटेलची पाटी चढवत होते. शिडीवरूनच फोन केला, "अरहान, तू आता तमिळ अक्षरं ओळखतोस ना? मी सांगतो, तू टाक. वर मास्टरचं नाव." त्यांनी एकेक अक्षर सांगितले. दुसऱ्या अक्षरावर मी थांबलो. मला आता तीन ल माहीत होते ना. मी विचारले, "अण्णा, यातला कोणता?" ते म्हणाले, "ळ! ळ! दुसरा कोणता?" मी पुन्हा विचारले. ते म्हणाले, "ळ, यल्ला, लवकर, हात दुखतोय!" मी ळ टाकला. चारदा तपासला. बारा फूट लांब बॅनर, पिवळ्यावर लाल अक्षरे.

मुशैरिबला एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये साठेक माणसे जमली होती. बॅनर उलगडले. आधी टाळ्या वाजल्या, मग त्या एकेक करून थांबल्या. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला.

मास्टरच्या नावात तिसरा ल आहे, फुफी. एऴिलरसन. मी तुम्हालाही पहिल्या पत्रात चुकीचेच लिहिले होते आणि तुम्हीही पकडले नाही.

मग मारी अण्णा हॉलभर ऐकू जाईल असे ज्ञानम अण्णांना म्हणाले, "माझ्या बोलण्याची टिंगल करायची तर तोंडावर कर! बारा फुटी बॅनरवर कशाला?"

"बॅनर तुझं! मास्टर संपले म्हणून त्यांचं नावही बिघडवलंस!"

"मी बिघडवलं? तू दुकानात होतास!"

कोणी तरी म्हणाले, "त्या पोराला विचारा, त्याने छापलं ना?" तेव्हा दोघे एका आवाजात म्हणाले, "अरहान स्पेलिंग चुकत नाही." तीन आठवड्यांत त्यांचे एकमत झालेले हे दुसरेच वाक्य.

मी हातात दोरी कापायची कात्री घेऊन उभा होतो. मला बोलता आले असते. मी बोललो नाही. गाण्याबद्दल माझे मत कोणी विचारले नाही, तेही मी सांगितले नाही. बॅनरचा फोटो तोपर्यंत चेन्नई, क्वालालंपूर आणि टोरांटोच्या गटांत गेला होता. 'दोह्याच्या रसिकांना मास्टरचे नाव लिहिता येत नाही.' खाली हसण्याची चित्रे. नऊ मिनिटांच्या निरोपवाल्या गृहस्थांनी या वेळी दोनच शब्द लिहिले, 'अय्यो, दोहा.'

दुकान वेगळे करायचे पक्के झाले आहे. ३० तारखेला वाटणी. मला यंत्रावर 'एम' आणि 'जी' अशी अक्षरे कापायला सांगितली आहेत, वस्तूंवर चिकटवायला.

आता मला समजते की माझा कान बरोबर होता. मारी अण्णांना तिसरा ल येतच नाही. तिरुनेलवेलीकडे पुष्कळांना येत नाही, असे काल लोक कुजबुजत होते. आणि त्यांना स्वतःला ते माहीत आहे. मी बारा फुटांवर तेच लिहून सर्वांना दाखवले.

अरहान

*

गोळप
२७ ऑक्टोबर

अरहान,

पत्रात शुद्धलेखनाची एक चूक आहे. ती आज दाखवत नाही, कारण मोठी चूक दुसरी आहे.

तुझे फुफा अठरा वर्षे 'इकडे सर्व खुशाल' असे शुद्ध मराठीत लिहीत राहिले. अक्षर सुंदर, ऱ्हस्वदीर्घ बिनचूक. आणि खरे काहीच नाही. मी त्यांना कधी म्हटले नाही की चुकीचे लिहा पण खरे लिहा. तुला म्हणते.

चूक तुझी आहे, ही चांगली बातमी आहे. त्या दोघांची असती तर तुला काही करता आले नसते. उद्या-परवा, वाटणी व्हायच्या आत, दोघांसमोर उभा राहा आणि सांग. चौदा पानांची वही घेऊन जा. त्यांना गाणे शेवटपर्यंत ऐकव. तू जे ऐकलेस ते फक्त दाखव. चांगले-वाईट सांगू नकोस, तो पेपर तुझा नाही.

व्हिसा गेला तर गोळपला ये. बारावीचा बाहेरून बसायचा फॉर्म मी आणून ठेवला आहे. ही धमकी समज.

यल्ला.

फुफी

*

उम्म सलाल मोहम्मद
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आदरणीय फुफी,

सलाम. हे पत्र घाईत लिहीत आहे, तपासलेले नाही. तपासायला बसलो तर धीर जाईल.

काल दुपारी वाटणी चालू होती. शिडीवर 'एम', ड्रिलवर 'जी'. स्टीलच्या मोठ्या कात्रीवर कोणते अक्षर लावायचे यावर दोघे अडले होते. मी मध्ये गेलो आणि म्हणालो, "बॅनरवरची चूक माझी."

मारी अण्णा म्हणाले, "तू चुकत नाहीस."

मी म्हणालो, "तुम्ही फोनवर ळ सांगितलात. मी ळ ऐकला. मी ळ टाकला. मुद्दाम कोणीच काही केलेलं नाही."

मारी अण्णांचे कान लाल झाले. ज्ञानम अण्णा आपल्या चपलांकडे बघत राहिले. मी वही उघडली आणि विचारले, "तुम्ही दोघांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं का?"

"पहिल्या ओळीला बंद केलं. तुझ्यासमोर," मारी अण्णा म्हणाले.

ज्ञानम अण्णा म्हणाले, "मी लावलं होतं. पण गटात याच्या लोकांना उत्तरं टाइप करत होतो."

मी गाणे लावले. पहिले कडवे. 'वलि एदु.' दुखणे कोणते? मारी अण्णांनी तोंड वाकडे केले. मी म्हणालो, "अण्णा, थांबा." दुसरे कडवे. 'वळि एदु.' वारा कोणता? मारी अण्णा पटकन म्हणाले, "ही तर माझ्यासारखीच म्हणते!" आणि मग त्यांना आपण काय बोललो ते समजले. ज्ञानम अण्णा हसू दाबायला ड्रिलकडे वळले. तिसरे कडवे हळुहळू येते, मध्ये बासरी एकटीच वाजते, बराच वेळ. मग ती मुलगी म्हणाली, 'वऴि एदु.' वाट कोणती? अगदी बरोबर. जीभ टाळूला न लागता.

मारी अण्णांनी स्वतःच पुन्हा पहिल्यापासून लावले. मग पुन्हा. तिसऱ्यांदा संपल्यावर ते अगदी हळू म्हणाले, "वळि." पुन्हा म्हणाले, "वळि." मग ज्ञानम अण्णांकडे बघितले. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"सव्वीस वर्षं."

"बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू मास्टरचं नाव घेणं बंद केलं असतंस. दिवसातून दहादा घेतोस. मला ऐकायला आवडतं."

मारी अण्णांनी टॉवेलने तोंड पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिले. मग ते ओरडले, "तरी मी सांगत होतो, मास्टरने हे मुद्दाम केलंय!" ज्ञानम अण्णा म्हणाले, "तू सांगत होतास? तू म्हणालास संपले मास्टर! आणि मुद्दाम काही नाही. पोरगी गाता गाता शिकली, मास्टरने आधीचं खोडलं नाही, एवढंच." "तुला काय कळतं? मुद्दाम!" "शिकली!" "मुद्दाम!" फुफी, ते अजून भांडत आहेत. पण समोरासमोर. मला कोणी मध्ये घेत नाही. शिडी कुठे आहे हे मारी अण्णांनी आज सकाळी स्वतःच्या तोंडाने विचारले, आणि ज्ञानम अण्णा म्हणाले, "तुझ्यासमोर, आंधळ्या."

मी माझे म्हणणे गटात लिहिले. चांगले-वाईट काही नाही, फक्त तीन कडव्यांचे मिनिट आणि सेकंद. तासभर तीनशे बारा जणांचा गट शांत होता. सगळे ऐकत होते. मग नऊ मिनिटांच्या गृहस्थांचा निरोप आला. अकरा मिनिटांचा.

बॅनर फेकू दिले नाही. मी त्या ळवर कागद डकवून बरोबर अक्षर चिकटवले, मग मारी अण्णांनी कागद उपटून काढला आणि म्हणाले, राहू दे, हे माझ्या घराकडचं नाव आहे. आता ते दुकानात मागच्या भिंतीवर आहे. चूक दुरूस्त न करता. 'एम' आणि 'जी' मी सगळीकडून खरवडून काढले. कात्रीवर कधी लावलेच नव्हते.

रविवारपासून मला कॉम्प्युटरवर बसायचे आहे. अट एकच: तमिळ मजकूर मारी अण्णांनी फोनवर सांगितला तर धरायचा नाही.

ग्लास नळाजवळ परत आला आहे.

तुमचा,
अरहान

*

गोळप
३ नोव्हेंबर

चि. अरहान,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र वाचून मी ओसरीवर फेऱ्या मारल्या. अलीजा म्हणाली, "दादी, रिलॅक्स."

तुझ्या दोन्ही अण्णांचा वाद मी सोडवू शकत नाही. मुद्दाम की शिकली, अल्लाला माहीत. पण मी एकतीस वर्षे पोरांचे पहिले दोन प्रयत्न खोडून मगच तिसरा करून घेतला. या म्हाताऱ्या मास्टरने तिन्ही ठेवले. शेवटचे चांगले वाटते ते पहिले दोन तिथेच आहेत म्हणून. निवृत्त झाल्यावर असे कळण्यात काही अर्थ नाही, तरी कळले.

अलीजाला तो वऴि पहिल्या झटक्यात आला. मला अजून येत नाही. माझा मारी अण्णांसारखाच येतो. त्यांना माझा सलाम सांग.

तुझ्या या पत्रात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. तांबडे पेन उघडले आणि परत टोपण लावले. खूण केलेली नाही.

बारावीचा फॉर्म आता धमकी नाही. पेटीत आहे. तुला वाटेल तेव्हा सांग.

तुझी,
जैतूनफुफी

*

उम्म सलाल मोहम्मद
त्याच दिवशी, संध्याकाळी

आदरणीय फुफी,

सलाम. फॉर्मचा फोटो पाठवा.

'दुरूस्त' आणि 'हळुहळू' या तुम्हाला सापडलेल्या दोन. मला एकूण तीन सापडल्या.

तिसरी तुमच्या पत्रात आहे. तुम्ही 'वऴि' लिहिले आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ असतो.

मीही खूण केलेली नाही.

अरहान